शेजारच्या खुर्चीची किंमत

इंग्लंडमधल्या एखाद्या मोठ्या फुटबॉल क्लबकडून व्हीलचेअर वापरणाऱ्या चाहत्याने सामन्याचं तिकीट घेतलं, तर बहुतेक ठिकाणी त्याला दोन तिकिटं मिळतात. एकावर नेहमीची किंमत असते, दुसऱ्यावर शून्य. हे दुसरं तिकीट त्याच्या साथीदाराचं. तो साथीदार नवरा किंवा बायको असेल, मित्र असेल, पगारी मदतनीस असेल; क्लबला त्याच्याशी देणंघेणं नसतं. ऑस्ट्रेलियात आणि जर्मनीत याच विचाराच्या पण वेगळ्या घडणीच्या व्यवस्था आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रकार क्लबचा उदारपणा वाटतो, किंवा ज्येष्ठ नागरिकांना आणि विद्यार्थ्यांना असते तशी एखादी सवलत. माझ्या मते या समजुतीतच सगळा घोळ आहे. साथीदाराचं तिकीट ही सवलत नाही. ते मैदानाच्या रचनेचा भाग आहे, जसा उतार, लिफ्ट किंवा रुंद दरवाजा असतो. उतारावरून चढणाऱ्याकडून कुणी उताराचे पैसे मागत नाही. त्याच न्यायाने ज्या माणसाच्या मदतीशिवाय प्रेक्षक आपल्या जागेपर्यंत पोचूच शकत नाही, त्या माणसाच्या जागेचे पैसेही मागता येत नाहीत. ही गोष्ट एकदा मान्य केली की पुढचे बरेच प्रश्न, म्हणजे पुरावा कसला मागायचा, गैरवापर कशाला म्हणायचं, मूळ तिकिटाचे पैसे घ्यायचे की नाही, हे निराळ्या उजेडात दिसू लागतात.

आधी साथीदार नेमकं करतो काय, ते पाहिलं पाहिजे, कारण विरोधाचे बहुतेक मुद्दे त्याच्या कामाच्या अपुऱ्या कल्पनेतून येतात. मैदानात व्हीलचेअर ढकलणं हा कामाचा लहानसा भाग. घरातून निघण्यापूर्वीचे कपडे आणि औषधं, गाडी चालवणं, गाडी लावल्यापासून प्रवेशद्वारापर्यंतचं अंतर, पन्नास हजारांच्या गर्दीतून वाट काढणं, स्वच्छतागृहात मदत, मध्यंतरात रांगेत उभं राहून पाणी आणि खाणं आणणं, ज्याचे हात चालत नाहीत त्याला ते भरवणं, आणि सामना संपल्यावर हे सगळं उलट्या क्रमाने. दृष्टिहीन चाहत्याला ब्रिटनमधले अनेक क्लब कानात ऐकू येणारं खास वर्णनपर समालोचन पुरवतात. पण ते समालोचन त्याला पायऱ्या चढवत नाही, की रांगेतली खुर्ची दाखवत नाही. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या चाहत्याच्या बाबतीत मदत डोळ्यांना दिसतही नाही: गोंगाट असह्य झाला की वेळीच ओळखणं, त्याला बाजूला नेणं, अनोळखी सुरक्षारक्षकाला परिस्थिती समजावून सांगणं. इंग्लंडमधल्या संडरलँड क्लबने 2015 मध्ये आपल्या मैदानात काचेआडची शांत खोली उघडली आणि पुढे इतर क्लबांनीही तसंच केलं, ते अशाच प्रेक्षकांसाठी. पण त्या खोलीतही त्यांच्याबरोबर ओळखीचं कुणीतरी लागतंच. सर्वांत गंभीर काम मात्र बहुतेक सामन्यांत करावंच लागत नाही: आग लागली, धूर झाला, लिफ्ट बंद पडली, तर या प्रेक्षकाला बाहेर काढणं. तेव्हा शेजारी बसलेला, त्याला कसं उचलायचं हे माहीत असलेला माणूस हा सुरक्षा-आराखड्यातला अत्यंत मोलाचा दुवा असतो.

आता हा साथीदार नसला तर काय, असं विचारून पाहा. पर्याय दोनच उरतात. पहिला, तो चाहता घरी राहतो. दुसरा, ही सगळी कामं क्लबने आपल्या माणसांकडून करून घ्यायची. पण मैदानावरच्या सुरक्षा-कर्मचाऱ्यांना अनोळखी माणसाला स्वच्छतागृहात मदत करायला लावणं त्यांनाही नको असतं आणि त्या चाहत्यालाही. त्यासाठी प्रशिक्षित मदतनीस नेमायचे तर प्रत्येक सामन्याला त्यांचा पगार क्लबला भरावा लागेल, आणि तो एका रिकाम्या खुर्चीच्या किमतीहून सहज जास्त होईल. साथीदार स्वतःच्या वेळेचे पैसे न घेता क्लबचं हे काम करतो. त्याच्याकडूनच वर पुन्हा प्रवेशाचे पैसे घेणं म्हणजे मदत करणाऱ्याने मदतीची फी भरण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये ही समज एका दिवसात आलेली नाही. कित्येक दशकं तिथल्या मैदानांत व्हीलचेअरवरच्या चाहत्यांना खेळपट्टीच्या कडेला, धावपट्टीवर, उघड्यावर ओळीने बसवत. पाऊस आला की ते भिजत, चेंडू जोरात आला की अंगावर येई, आणि जमिनीच्या पातळीवरून मैदानाचा निम्मा भाग दिसतही नसे. बहुतेकदा त्यांना प्रवेश फुकट असे. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. फुकट जागेबद्दल तक्रार करता येत नाही, आणि म्हणून ती जागा सुधारण्याचं दडपणही कुणावर येत नाही. दयेपोटी मिळालेल्या प्रवेशाला दयेचीच प्रत मिळते. 1998 मध्ये तिथे दिव्यांग चाहत्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आज 'लेव्हल प्लेइंग फील्ड' या नावाने ओळखली जाते. या चळवळीची भूमिका सुरुवातीला अनेकांना चमत्कारिक वाटली असणार: आम्हाला फुकट तिकीट नको, इतरांइतकंच पैसे भरून इतरांइतकीच चांगली जागा हवी, आणि ज्याच्याशिवाय आम्ही येऊ शकत नाही त्याच्यासाठी वेगळे पैसे लावू नका. या मागणीच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून आहेत. पहिलीशिवाय दुसरी भीक ठरते, दुसरीशिवाय पहिली पोकळ.

कायद्याची वाटही याच दिशेने गेली. 1995 च्या डिसॅबिलिटी डिस्क्रिमिनेशन ॲक्टने सेवा पुरवणाऱ्यांवर दिव्यांगांसाठी वाजवी बदल करण्याची जबाबदारी टाकली, आणि इमारतींच्या रचनेतले अडथळे दूर करण्याचा भाग 2004 पासून लागू झाला. 2003 मध्ये फुटबॉल मैदानांसाठी 'ॲक्सेसिबल स्टेडिया' ही मार्गदर्शिका निघाली, आणि तिच्यात आकड्यांचं कोष्टक आहे. वीस ते चाळीस हजार क्षमतेच्या मैदानात व्हीलचेअरच्या 150 जागा, शिवाय वीस हजारांच्या वरच्या दर हजारामागे 3; चाळीस हजारांच्या पुढे 210 आणि दर जादा हजारामागे 2. म्हणजे साठ हजारांच्या मैदानात 250. यांतल्या प्रत्येक जागेशेजारी साथीदाराची खुर्ची अपेक्षित आहे. कोष्टक होतं, पण पाळलं जात नव्हतं. 2014 मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत प्रीमियर लीगच्या 20 पैकी 17 क्लबांत व्हीलचेअरच्या पुरेशा जागा नव्हत्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल लीगची ही अवस्था असल्याने गाजावाजा झाला, प्रश्न ब्रिटिश संसदेत गेला, आणि सप्टेंबर 2015 मध्ये क्लबांनी ऑगस्ट 2017 पर्यंत मार्गदर्शिकेची पूर्तता करण्याचं एकत्रित वचन दिलं. सगळ्यांनी ते मुदतीत पाळलं नाही. पण जुन्या मैदानांतही काय शक्य आहे ते मँचेस्टर युनायटेडने 2017 मध्ये जाहीर केलेल्या योजनेतून कळलं: क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर व्हीलचेअरच्या जागा वाढवण्यासाठी दोन हजारांहून जास्त साध्या खुर्च्या काढायचं ठरलं. त्या खुर्च्यांवर वर्षानुवर्षांचे हंगामी तिकीटधारक बसत होते. म्हणजे समतेची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि ती उघडपणे मान्य केलेली बरी.

साथीदाराच्या तिकिटाचा कायदेशीर आधार मात्र कोष्टकात नाही, एका छोट्या पोटकलमात आहे. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टच्या विसाव्या कलमात वाजवी बदलांची जबाबदारी सांगितली आहे, आणि त्याच्या सातव्या पोटकलमात असं म्हटलं आहे की ही जबाबदारी पार पाडण्याचा खर्च संबंधित दिव्यांग व्यक्तीकडून कोणत्याही प्रमाणात वसूल करता येणार नाही. 'साथीदाराला फुकट तिकीट द्या' असं वाक्य या कायद्यात कुठेही नाही. ते तर्काने निघतं. दिव्यांग चाहत्याला साथीदार आणू देणं हा जर वाजवी बदल असेल, तर त्या बदलाचा खर्च, म्हणजे साथीदाराने अडवलेल्या खुर्चीची किंमत, त्या चाहत्याच्या माथी मारता येत नाही. याच तर्काने अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याला तिकीट लागत नाही, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. शिवाय ही जबाबदारी आगाऊ आहे: चाहता दारात येऊन अडल्यावर विचार करायचा नाही, असा चाहता येणार हे धरून व्यवस्था आधीच उभी करायची.

काही ठिकाणी याच्या उलट पद्धत चालते: दिव्यांग चाहत्याला तिकीट फुकट किंवा निम्म्या दरात, आणि साथीदाराने पूर्ण पैसे भरायचे. चाहत्याचं तिकीट फुकट असेल तर बेरीज दोन्हीकडे सारखीच येते, मग फरक काय? मला हा फरक फार मोठा वाटतो. उलट्या पद्धतीत चाहता ग्राहक राहत नाही, तो कुणाचा तरी आश्रित होतो. ग्राहक त्याचा साथीदार ठरतो. शिवाय ज्या दिव्यांग चाहत्याला साथीदाराची गरजच नाही, जो स्वतः गाडी चालवत येतो आणि स्वतःची नोकरी करतो, त्याला फुकट प्रवेश देण्याचं कारणही सांगता येत नाही. अपंगत्व म्हणजे गरिबी नव्हे. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी कमी दराची तिकिटं असावीत, पण तो निकष उत्पन्नाचा आहे, शरीराचा नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की 'यांना सगळंच फुकट' हा राग जन्मतो, आणि तो राग ज्याला खरोखर साथीदार लागतो त्याच्यावर निघतो.

सर्वांत वरचेवर घेतला जाणारा आक्षेप असा: साथीदारही सामना पाहतोच ना? तो त्याच क्लबचा चाहता असेल, गोल झाला की तोही उडी मारेल. मग त्याने फुकट का पाहावं? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरं नाही. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो: तिकिटाची किंमत आनंदावर ठरते. तशी ती ठरत नाही. वैद्यकीय पथकातली परिचारिका, छायाचित्रकार, सुरक्षारक्षक, चेंडू आणून देणारी मुलं, सगळेच सामना पाहतात आणि कित्येकांना तो मनापासून आवडतो. त्यांच्याकडून कुणी तिकीट मागत नाही, कारण ते तिथे कामासाठी आहेत. साथीदाराची मोकळीक त्यांच्याहूनही कमी असते. त्याला जागा निवडता येत नाही, मित्रांच्या घोळक्यात बसता येत नाही, ऐन पेनल्टीच्या क्षणी शेजाऱ्याला स्वच्छतागृहाकडे न्यायची वेळ आली तर तो थांबा म्हणू शकत नाही. आणि समजा, त्याला सामना खरंच आवडतो. मग ते चांगलंच झालं. चाहत्याला आपल्या आवडीचा सोबती मिळाला, तासन्‌तास कंटाळून बसलेला कुणी नाही. गरज खरी आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा. मदत करणाऱ्याने ती हसतमुखाने केली की रडतखडत, यावरून तिकिटाचा दर ठरवणं विचित्र होईल.

दुसरा आक्षेप पैशांचा. रिकाम्या मैदानात खुर्ची दिली तर क्लबचं काही जात नाही, पण ज्या क्लबांची तिकिटं हंगामाआधीच संपतात आणि हंगामी तिकिटांसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी असते, तिथे प्रत्येक खुर्चीला खरी किंमत आहे. हे खरंच आहे. तरी प्रमाण पाहावं. वरच्या कोष्टकाप्रमाणे साठ हजारांच्या मैदानात व्हीलचेअरच्या 250 जागांशेजारी 250 साथीदार बसले, तर ते एकूण जागांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात. व्हीलचेअर न वापरणाऱ्या पण साथीदार लागणाऱ्या चाहत्यांची भर घातली तरी आकडा फार फुगत नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांचं उत्पन्न मुख्यतः प्रक्षेपण हक्क आणि जाहिरात करारांतून येतं, दरवाजातल्या तिकिटांतून नाही. लहान क्लबांची गोष्ट वेगळी, त्यांचं घर तिकिटांवरच चालतं. पण त्यांची मैदानं भरतही नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे साथीदाराच्या खुर्चीची खरी किंमत शून्याच्या जवळ असते. उलट साथीदाराला परवानगी नाकारली तर दिव्यांग चाहत्याच्या तिकिटाचे पैसेही बुडतात. दिव्यांग चाहत्याच्या घरचा हिशेबही याच ताळेबंदात मांडायला हवा. ब्रिटनमधल्या 'स्कोप' या संस्थेच्या अलीकडच्या अहवालांनुसार दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबाला तेच राहणीमान गाठण्यासाठी महिन्याला सुमारे हजार पौंड जास्त लागतात. वीज, प्रवास, उपकरणं, मदतनीस, असा तो खर्च. त्यावर प्रत्येक सामन्याला दोन तिकिटांचा दर लावणं म्हणजे त्या कुटुंबाकडून पुन्हा एकदा तेच वसूल करणं.

गैरवापराचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण इथे क्लबला काहीतरी पुरावा मागावाच लागतो आणि पुरावा कसला, यावर सगळं अवलंबून असतं. बरेच ब्रिटिश क्लब सरकारी भत्त्याचं पत्र मागतात: मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, मोठ्यांसाठी 2013 पासून त्याच्या जागी आलेलं पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, निवृत्तीच्या वयानंतर अटेंडन्स अलाउन्स, किंवा दृष्टिहीनतेची नोंद. क्लबच्या दृष्टीने हे सोपं आहे. तपासणी सरकारने केलेलीच असते. पण भत्त्याचे निकष सरकारने खर्च आवरण्यासाठी आखलेले असतात, सामन्याला जाण्यासाठी नव्हे. जुन्या भत्त्यात पन्नास मीटरच्या आसपास चालताना अडणाऱ्याला हालचालीचा वरचा दर मिळे. नव्यात तो दर मिळवण्यासाठी मर्यादा वीस मीटरवर आली. तीस मीटर चालू शकणाऱ्या माणसाचं शरीर 2013 मध्ये बदललं नाही, पण कागदावर तो वरच्या दरातून खालच्या दरात आला, आणि ज्या क्लबांनी वरचा दर हाच निकष धरला होता तिथे त्याच्या साथीदाराचं तिकीटही गेलं. अटेंडन्स अलाउन्समध्ये तर हालचालीचा भागच नाही. सत्तरीत पाय गेलेल्या चाहत्याला या चौकटीत स्वतःला कुठे बसवायचं ते कळत नाही. परक्याच्या मोजपट्टीने मोजलं की असं होतं.

ऑस्ट्रेलियाने वेगळी पट्टी बनवली. व्हिक्टोरिया राज्यात 2003 मध्ये 'कम्पॅनियन कार्ड' सुरू झालं आणि नंतर ते देशभर पसरलं. त्यासाठी आजाराचं नाव किंवा अपंगत्वाची टक्केवारी पुरत नाही. विचारलं जातं ते असं: या माणसाला सार्वजनिक ठिकाणच्या कार्यक्रमात भाग घ्यायला दुसऱ्या माणसाची मोठी मदत लागते का, ती गरज उपकरणांनी भागण्यासारखी नाही ना, आणि ती आयुष्यभराची आहे का. कार्ड दिव्यांग व्यक्तीच्या नावे असतं, साथीदाराच्या नव्हे, त्यामुळे साथीदार दर वेळी निराळा असू शकतो. योजनेत सामील झालेली मैदानं, नाट्यगृहं, चित्रपटगृहं, बसगाड्या ते कार्ड पाहून दुसरं तिकीट विनामूल्य देतात. आरक्षणाचा वेगळा आकारही घेत नाहीत. तपासणी एकदाच होते. क्लबच्या खिडकीवरच्या कारकुनाला कुणाच्या आजाराची कागदपत्रं चाळावी लागत नाहीत, आणि चाहत्यालाही प्रत्येक ठिकाणी आपलं दुखणं उलगडून दाखवावं लागत नाही. गैरवापर रोखायला याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. या कार्डाची एक बाजू मात्र कच्ची आहे. गरज आयुष्यभराची हवी ही अट अपघातानंतर दोन-तीन वर्षं सावरत असलेल्या माणसाला बाहेर ठेवते.

जर्मनीत तीव्र अपंगत्वाच्या ओळखपत्रावर, ज्याला साथीदार लागतो त्याच्यासाठी 'बी' हे अक्षर छापलेलं असतं. त्यावर सार्वजनिक वाहनांत साथीदाराचा प्रवास विनामूल्य होतो, आणि अनेक मैदानं तेच अक्षर पाहून साथीदाराला प्रवेश देतात. तिथल्या सामाजिक कायद्याच्या नवव्या भागात या अक्षराविषयी जे स्पष्टीकरण आहे, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं: हे अक्षर असलेली व्यक्ती साथीदाराशिवाय आली तर ती स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. हे सांगावं लागलं, कारण अक्षर पाहून एकट्या आलेल्या माणसाला दारातच अडवण्याचा मोह होतो. साथीदाराचा हक्क आणि साथीदाराची सक्ती यांच्यात अंतर फार थोडं आहे. 'तुमच्याबरोबर कुणी नाही? मग सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश नाही' असं एकदा सुरू झालं की मदतीसाठी केलेली सोय बंदीचं हत्यार होते. कुणाला कधी मदत लागेल आणि कधी एकटं यायचं, हे त्या माणसाने ठरवायचं.

अमेरिकेने तिसराच रस्ता धरला आहे आणि तो समजून घेतला की फुकट तिकिटाचा मुद्दा नेमका कुठे बसतो ते कळतं. तिथल्या अपंगत्वविषयक कायद्याखाली प्रत्येक व्हीलचेअरच्या जागेशेजारी एक साथीदाराची खुर्ची हवीच. शिवाय 2011 पासून लागू झालेल्या तिकीट-नियमांप्रमाणे व्हीलचेअरची जागा घेणाऱ्याला त्याच रांगेत लागून आणखी तीन खुर्च्या घेता येतात. म्हणजे व्हीलचेअरवरचा बाप आपल्या बायको-मुलांसोबत एकत्र बसू शकतो. ब्रिटिश पद्धतीत हीच गोष्ट अवघड: शून्य दराचा एक साथीदार मिळतो, बाकीचं कुटुंब मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. या एका बाबतीत अमेरिकन नियम नक्कीच पुढे आहे. पण तिथे या खुर्च्या विकत घ्याव्या लागतात. दर इतरांइतकाच ठेवायचा, एवढीच अट. कायदा जागेचा हक्क देतो, खर्चाचा प्रश्न चाहत्यावर सोडतो. कतारमधल्या 2022 च्या विश्वचषकात दिव्यांग चाहत्यांच्या साथीदारांना फिफाने विनामूल्य तिकिटं दिली होती. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोमधल्या 2026 च्या स्पर्धेसाठी मात्र साथीदाराचं तिकीट विकत घेण्याजोगं केलं, आणि युरोपातल्या चाहता-संघटनांनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यांची नाराजी मला रास्त वाटते. एकाच संस्थेची एकच स्पर्धा, चार वर्षांपूर्वी जो खर्च आयोजकाचा होता तो आता चाहत्याचा कसा झाला, याचं तत्त्वावर टिकणारं उत्तर मला दिसत नाही.

सगळ्या शंका इतक्या सहज मिटत नाहीत. लहान मुलांचं उदाहरण घ्या. आठ वर्षांच्या दिव्यांग मुलाबरोबर आलेल्या आईचं तिकीट फुकट असावं का? काही क्लब नाही म्हणतात, कारण आठ वर्षांचं कुठलंच मूल एकटं येत नाही. आई तशीही लागलीच असती. तर्क चुकीचा नाही. पण इतर मुलांच्या आईबरोबर दोन-तीन मुलं येतात आणि ती एकाच वेळी सगळ्यांकडे पाहू शकते; ज्या मुलाला अखंड लक्ष हवं त्याच्या आईला दुसऱ्या मुलाला आणायचं तर आणखी एक मोठा माणूस लागतो. मला वाटतं, वय पाहून सरसकट नकार देण्यापेक्षा वयाला साजेशा देखरेखीपलीकडे किती मदत लागते, हे विचारणं योग्य. दोन दिव्यांग चाहते एकमेकांचे साथीदार होऊ शकतात का? एक दृष्टिहीन आणि एक व्हीलचेअरवर असेल तर व्यवहारात ते एकमेकांना पुरे पडतात, पण संकटकाळी दोघांनाही तिसरा लागेल. इथे नियम ताठ ठेवून भागत नाही, क्लबमध्ये कुणीतरी शहाणा माणूस निर्णयाला बसलेला लागतो. युरोपीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, 2015 मध्ये क्लब-परवान्याच्या नियमांत दिव्यांग-सुलभता अधिकारी नेमण्याची अट घातली ती अशाच गोष्टींसाठी.

भारतात हा विचार परका नाही. रेल्वेत साथीदाराशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला, पूर्ण दृष्टिहीन आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशाला स्लीपर, तृतीय वातानुकूलित अशा वर्गांत भाड्यात 75 टक्के, आणि प्रथम व द्वितीय वातानुकूलित वर्गांत 50 टक्के सवलत मिळते, आणि तेवढीच सवलत सोबतच्या एका साथीदारालाही. महाराष्ट्रात एसटीही साथीदाराला भाड्यात सवलत देते. म्हणजे एक प्रवासी पोचण्यासाठी दोन माणसं लागू शकतात, हे आपल्या वाहतूक व्यवस्थेने फार पूर्वीच मान्य केलं आहे. खेळाच्या मैदानापर्यंत मात्र ते तत्त्व पोचलेलं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं 29 वं कलम सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाविषयी आहे, 30 वं खेळांविषयी, आणि 46 वं सांगतं की सरकारी असो वा खाजगी, सेवा देणाऱ्याने ती सुलभ केली पाहिजे. पण साथीदाराच्या तिकिटाचा उल्लेख त्यात कुठेही नाही. तसा तो ब्रिटिश कायद्यातही नाही, हे वर पाहिलंच. तिथे तो वाजवी बदलांच्या कर्तव्यातून निघाला, आणि आपल्या कायद्यातही त्या कल्पनेची स्पष्ट व्याख्या आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष केवळ शिफारस म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सांगितलं. त्या निकषांत मैदानांची रचना येईल तेव्हा शेजारच्या खुर्चीचा दरही लिहिला जावा.

आपल्याकडे पुरावा काय मागायचा, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागेल, नाहीतर युडीआयडी कार्डावरची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरची, टक्केवारी पाहून निर्णय होतील. टक्केवारी शरीराची हानी मोजते, मदतीची गरज मोजत नाही. एका हाताच्या व्यंगामुळे 40 टक्क्यांच्या पुढे गेलेला तरुण वानखेडेवर एकटा येईल आणि एकटाच परत जाईल. तेवढीच टक्केवारी असलेल्या स्वमग्न तरुणाला सोबत लागेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्याच 38 व्या कलमात मोठ्या आधाराची गरज असलेल्या व्यक्तींचं मूल्यमापन करणाऱ्या मंडळाची तरतूद आहे, आणि तिथला प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या कार्डासारखाच आहे: या माणसाला किती आधार लागतो? मंडळाचा तो निर्णय कार्डावर एका खुणेने नोंदवला, तर मैदान, नाट्यगृह आणि एसटीचा वाहक, सगळ्यांना तीच खूण पुरेल. तिकीट विकणाऱ्या ॲपवर 'साथीदार सोबत आहे' असा एक पर्याय ठेवून ती खूण तपासता येईल. आज ज्याला फोनवर तास घालवून, ओळखीचा माणूस गाठून जागा मिळवावी लागते, त्याला इतरांसारखं घरबसल्या आणि इतरांबरोबरच तिकीट काढता येईल. बोजा किती पडेल, तेही काढता येतं. वानखेडेची क्षमता सुमारे 33,000. ब्रिटिश कोष्टक तिथे लावलं तर व्हीलचेअरच्या 189 जागा येतात, आणि त्यांच्याशेजारी तितकेच साथीदार. प्रत्येक शंभर खुर्च्यांमागे एकसुद्धा नाही.